सतरा मार्चची धास्ती: डेन्व्हर ब्रॉन्कोज आणि रसेल विल्सनचा करार

२७ डिसेंबर २०२३. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या डेन्व्हर ब्रॉन्कोजचे हंगामातले दोन सामने उरलेत. सात जिंकलेत, आठ हरलेत. बाद फेरीची आशा अंधुक असली तरी मेलेली नाही. अशा वेळी प्रशिक्षक शॉन पेटन आपल्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला), म्हणजे रसेल विल्सनला, बाकावर बसवतात. विल्सनला दुखापत नाही. त्या हंगामात त्याने २६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) दिलेत आणि त्याचे फक्त ८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेत. त्याच्या जागी उतरणाऱ्या जॅरेट स्टिडहॅमने तोवरच्या कारकिर्दीत दोनच सामन्यांची सुरुवात केलेली.

पेटन यांचं म्हणणं असं की निर्णय खेळापुरता आहे, आक्रमणात जान यावी म्हणून घेतलाय. दोन दिवसांनी विल्सनने पत्रकारांना वेगळीच हकिकत सांगितली. ऑक्टोबरच्या शेवटी ब्रॉन्कोजनी कॅन्सस सिटी चीफ्सला हरवलं होतं, तेही सलग सोळा पराभवांनंतर. त्या विजयापाठोपाठ संघाला सुट्टीचा आठवडा होता. गावभर आनंदीआनंद असताना क्लबकडून त्याला निरोप आला: करारातली दुखापतीची हमी बदल, नाहीतर उरलेला हंगाम बाकावर बसशील. त्याने नकार दिला. खेळाडूंच्या संघटनेने या दबावाला पत्र लिहून हरकत घेतल्याचंही नंतर बातम्यांत आलं. कराराबद्दल विल्सनच्या एजंटशी बोलणं झाल्याचं जनरल मॅनेजर जॉर्ज पेटन यांनीही पुढे मान्य केलं. (दोघांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, मराठीत मात्र प्रशिक्षकही पेटन आणि मॅनेजरही पेटन. पुढे प्रशिक्षकांना पेटन म्हणतो, मॅनेजरना जॉर्ज.)

तर कागदात होतं काय? २०२५ सालचा विल्सनचा पगार ३.७ कोटी डॉलर ठरला होता. त्याची हमी तेव्हा फक्त दुखापतीपुरती होती: जखमी झाल्यामुळे तो मार्चमधल्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला, तर हे पैसे क्लबला द्यावेच लागणार होते. तो धडधाकट राहिला आणि २०२४च्या लीग वर्षाच्या पाचव्या दिवशीही संघात असला, तर ही हमी आपोआप पूर्ण होणार होती. त्या साली लीग वर्ष १३ मार्चला सुरू होणार होतं. पाचवा दिवस १७ मार्च.

म्हणजे डिसेंबरात उरलेल्या दोन सामन्यांत गुडघा फिरला असता तर तो प्रसंग ३.७ कोटींना पडला असता. हे गणित कळलं की निरोगी क्वार्टरबॅक बाकावर का बसला, याचं आश्चर्य उरत नाही. पेटन खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. विल्सनची शैली त्यांच्या पद्धतीत बसत नव्हती, हे कुणालाही दिसत होतं. पण करारात ती तारीख नसती, तर बाद फेरीची आशा शिल्लक असताना त्यांनी हाच निर्णय घेतला असता का? मला नाही वाटत.

तिजोरी आणि वही

इथे थोडं थांबून कॅपची, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाच्या मर्यादेची, रीत समजून घेऊ, कारण आयपीएलच्या सवयीने पाहिलं तर हे प्रकरण उलटंच दिसतं. लखनौने ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतलं, तर त्या हंगामाच्या १२० कोटींच्या पर्समधून सरळ २७ कोटी गेले. हिशेब तिथेच मिटला.

एनएफएलमध्येही मर्यादा आहे आणि ती कडक आहे. १९९४ साली ती ३.४६ कोटी डॉलर होती, २०२२ साली २०.८२ कोटी, २०२४ साली २५.५४ कोटी. श्रीमंत मालक असो की कंजूस, बत्तीसही क्लबांना आकडा एकच. पण ही मर्यादा तिजोरीतून गेलेल्या पैशाला नाही, वहीत चढवलेल्या पैशाला आहे. वार्षिक पगार त्या त्या वर्षी चढतो. साइनिंग बोनस मात्र खेळाडूला लगेच रोख मिळतो आणि वहीत कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान हप्त्यांत पसरतो. ५ कोटींचा बोनस दिला तर दरवर्षी १ कोटीच चढतात. पुढच्या एखाद्या वर्षी ‘ऑप्शन बोनस’ दिला, तर त्याचीही तशीच विभागणी.

दुकानदाराला ही युक्ती नवी नाही. माल आज घरात, पैसे हप्त्याने. फरक इतकाच की खेळाडूला मध्येच काढलं, की उरलेले सगळे हप्ते एकदम अंगावर येतात. खेळाडू संघात नाही, पण त्याच्या नावाचे पैसे कॅप खातायत, याला तिथे ‘डेड मनी’ म्हणतात. क्लबला एक सवलत आहे: वर्षाला दोन खेळाडूंना ‘१ जूननंतर काढलेले’ असं नोंदवता येतं. मग चालू वर्षाचा हप्ता या वर्षी आणि बाकीचे पुढच्या वर्षी चढतात. मात्र जून उजाडेपर्यंत त्या खेळाडूचा जुना आकडा वहीत तसाच राहतो, आणि नवे खेळाडू मिळण्याचा खरा बाजार तर मार्चमध्येच भरतो.

एवढं पाठीशी असलं की पुरे. आता मागे जाऊ.

स्वस्त विल्सन, महाग विल्सन

२०१२च्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांची फेरीनिहाय निवड; आदल्या हंगामात जो जास्त हरला त्याचा क्रमांक आधी) सिॲटल सीहॉक्सनी विल्सनला तिसऱ्या फेरीत, ७५व्या क्रमांकावर घेतलं. उंची कमी म्हणून बाकीचे कचरले होते. चार वर्षांचा करार मिळून सुमारे ३० लाख डॉलर. एनएफएलच्या मानाने ही चिल्लर. नवोदितांचे पगार २०११च्या सामूहिक करारापासून क्रमांकानुसार बांधलेले असतात आणि तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत कराराला हात लावता येत नाही. सर्वांत महागड्या जागेवरचा खेळाडू असा जवळजवळ फुकट मिळाल्यावर सिॲटलने उरलेला पैसा बचावफळीवर ओतला. २०१३च्या मोसमाआधी मायकल बेनेट आणि क्लिफ ॲव्हरिल आले. २ फेब्रुवारी २०१४च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, या संघाने समोरच्याचा ४३-८ असा फडशा पाडला. समोरचा संघ होता डेन्व्हर ब्रॉन्कोज.

पुढे विल्सन महाग होत गेला. २०१५ साली कराराला चार वर्षांची वाढ ८.७६ कोटींची, २०१९ साली १४ कोटींची, त्यात ६.५ कोटींचा साइनिंग बोनस. सिॲटलची बचावफळी विरत गेली आणि विल्सन असेपर्यंत सुपर बोल काही पुन्हा हाती लागला नाही. याचा सगळा दोष त्याच्या पगारावर टाकणं अन्यायाचं होईल. माणसं वयस्क झाली, जखमी झाली, काही ड्राफ्ट फसले. पण खिसा आखडला होता हे खरं.

डेन्व्हरची गोष्ट निराळी. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या नेतृत्वाखाली त्यांनी २०१५चा मोसम जिंकला, मॅनिंग निवृत्त झाला आणि मग क्वार्टरबॅकची जागा धर्मशाळा झाली; जो येई तो चार दिवस राहून जाई. सहा वर्षं बाद फेरी नाही. या उपासमारीतून ८ मार्च २०२२ची अदलाबदल झाली. ब्रॉन्कोजनी दिलं: तीन खेळाडू (ड्रू लॉक, नोआ फँट, शेल्बी हॅरिस), ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन, पाचव्या फेरीची एक. मिळालं: विल्सन आणि चौथ्या फेरीची एक निवड.

किंमत भारी होती, पण वेडेपणाची नव्हती. विल्सन तेहतीस वर्षांचा होता आणि या जागेवरचे लोक अलीकडे चाळिशीपर्यंत खेळतात. खरी चूक इथे झाली असं बहुतेक जण म्हणतात. मी म्हणत नाही.

एक सप्टेंबर

अदलाबदलीत विल्सनसोबत त्याचा जुना करारही आला. त्यावर दोन वर्षं बाकी होती: २०२२साठी २.४ कोटी आणि २०२३साठी २.७ कोटी. मिळून ५.१ कोटी. आधी दिलेल्या बोनसचे उरलेले २.६ कोटी सिॲटलच्या वहीत गेले, डेन्व्हरच्या नाही. म्हणजे ब्रॉन्कोजकडे एक नामांकित क्वार्टरबॅक दोन वर्षांसाठी बाजारभावापेक्षा बराच स्वस्त होता आणि त्यांच्यावर कसलीही घाई नव्हती.

१ सप्टेंबर २०२२ रोजी, त्याने डेन्व्हरसाठी एकही सामना खेळण्याआधी, त्यांनी त्याला पाच वर्षांची वाढ दिली. नव्या पैशाचा आकडा सुमारे २४.५ कोटी. सही करतानाच पूर्ण हमी १२.४ कोटींची, दुखापतीची हमी धरून १६.१ कोटी. त्याच ऑगस्टमध्ये क्लबची मालकी वॉल्टन-पेनर गटाकडे गेली होती, ४६५ कोटी डॉलरला. वॉलमार्टच्या घराण्याला ५ कोटींचा बोनस रोख मोजणं जड नव्हतं. नव्या मालकांची सुरुवात झोकात होणार होती.

घाईमागे कारणं होतीच. त्याच मार्चमध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला २३ कोटी, सगळेच्या सगळे हमीचे, देऊन बाजार पेटवला होता. जुलैमध्ये ॲरिझोनाने कायलर मरेला २३ कोटींवर नेलं. थांबलो तर भाव चढेल, ही भीती. आणि पाच निवडी मोजून आणलेल्या माणसाला ‘आधी खेळून दाखव’ म्हणायचं कोणत्या तोंडाने? हुंडा देऊन झाल्यावर बोलणी करायला बसल्यासारखी ती अवस्था होती. तरीही माझं मत असं की दोन वर्षं हातात असताना एक वर्ष थांबण्याची किंमत जास्तीत जास्त थोडा चढा भाव एवढीच होती. न थांबण्याची किंमत काय झाली, ते आकड्यांत मांडता येतं.

विल्सन डेन्व्हरकडून दोनच हंगाम खेळला, २०२२ आणि २०२३. नेमके तेच दोन, जे जुन्या करारातच होते. जुन्या कराराने ते ५.१ कोटींत पडले असते. नव्या कराराने क्लबच्या गळ्यात १२.४ कोटींचं देणं पडलं. फरक ७.३ कोटींचा. या ७.३ कोटींच्या बदल्यात ब्रॉन्कोजना एकही जादा सामना मिळाला नाही.

मैदानावर जे झालं ते थोडक्यात सांगतो. पहिलाच सामना सिॲटलमध्ये. शेवटच्या क्षणी नवखे प्रशिक्षक नॅथॅनियल हॅकेट यांनी विल्सनच्या हाती चेंडू ठेवण्याऐवजी ६४ यार्डांवरून किक मारायला लावली, ती हुकली, १७-१६ अशी हार. नाताळच्या दिवशी लॉस एंजेलिस रॅम्सकडून ५१-१४. दुसऱ्या दिवशी हॅकेट घरी. त्या हंगामात ५ विजय, १२ पराभव, विल्सन ५५ वेळा जमिनीवर पाडला गेला. एवढे सामने हरल्यामुळे सिॲटलला दिलेली २०२३ची पहिल्या फेरीची निवड थेट पाचव्या क्रमांकावर गेली. सिॲटलने तिच्यातून डेव्हॉन विदरस्पून घेतला, आणि आदल्या वर्षीच्या नवव्या क्रमांकातून चार्ल्स क्रॉस. म्हणजे हरायचं आपण आणि माल शेजाऱ्याच्या घरी. विल्सनच्या जागी जिनो स्मिथला उतरवून सिॲटल त्याच वर्षी बाद फेरीत पोचलं, हे मीठ वेगळं.

२०२३च्या तिसऱ्याच सामन्यात तर मायामीकडून ७०-२० अशी धुलाई झालेली. नंतर सलग पाच विजय, मग घसरण, मग २७ डिसेंबर. विल्सनच्या तीस सामन्यांत ११ विजय, १९ पराभव.

साडेआठ कोटींची फोड

४ मार्च २०२४ रोजी क्लबने विल्सनला मोकळा करत असल्याचं कळवलं आणि वर्तमानपत्रांत एकच आकडा फिरू लागला: ८.५ कोटी डॉलर डेड मनी. त्याआधीचा उच्चांक ४.०५ कोटींचा होता, अटलांटाने मॅट रायनला इंडियानापोलिसला दिलं तेव्हाचा. दुपटीहून जास्त.

हा आकडा कुठून आला ते हाताने करून पाहण्यासारखं आहे. सही करताना ५ कोटींचा बोनस, पाच वर्षांत दरसाल १ कोटी. दोन वर्षांचे हप्ते चढले होते, उरले ३ कोटी. २०२३ साली २ कोटींचा ऑप्शन बोनस, दरसाल ४० लाख. एक हप्ता चढला होता, उरले १.६ कोटी. हे झाले ४.६ कोटी. त्यात २०२४च्या पगाराची आधीच पक्की झालेली हमी ३.९ कोटी. बेरीज ८.५.

आता हेच उलट्या बाजूने पाहा. दोन हंगामांत विल्सनच्या हातात रोख पडले तेही योगायोगाने ८.५ कोटीच: पहिल्या वर्षी ५.७, दुसऱ्या वर्षी २.८. पण वहीत चढले किती? पहिल्या वर्षी १.७, दुसऱ्या वर्षी २.२. फक्त ३.९. म्हणजे तो खेळत होता तेव्हा कॅपला तो स्वस्त वाटत होता, आणि तो स्वस्तपणा उसनवारीचा होता. डेड मनीचा आकडा ऐकून ‘साडेआठ कोटी पाण्यात’ असं लिहिणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. त्यातले ४.६ कोटी खर्च होऊन गेलेले होते. २०२४ साली फक्त त्यांची नोंद होत होती. खरोखर नवा पैसा ३.९ कोटींचा, आणि तो तर त्याला ठेवला असता तरी द्यावाच लागणार होता.

म्हणून मार्च २०२४मधला प्रश्न ‘८.५ कोटी जाळायचे का’ असा नव्हताच. तो होता ‘आणखी ३.७ कोटी जोडायचे का’ असा. ठेवलं असतं तर २०२४ साली त्याचा कॅप आकडा ३.५४ कोटी आणि २०२५ साली ५.५४ कोटी होता. काढल्यावर १ जूनची सवलत धरून २०२४ साली ५.३ आणि २०२५ साली ३.२. गंमत पाहा, काढल्यामुळे पहिल्या वर्षीचा बोजा १.७६ कोटींनी वाढला. सगळा फायदा दुसऱ्या वर्षात आणि त्यापुढे. २०२४च्या कॅपचा पाचवा हिस्सा संघात नसलेल्या एका माणसाच्या नावे लिहायचा, हा निर्णय घ्यायला धाडस लागतं. सप्टेंबर २०२२मधली घाई ज्यांच्या माथी मारायची, त्यांनाच या मार्चचं श्रेय द्यावं लागतं. सही जॉर्ज यांच्याच काळातली, सोडवणूकही त्यांच्याच काळातली. अमेरिकेत असे जनरल मॅनेजर क्वचितच खुर्चीवर टिकतात.

विल्सन गेला पिट्सबर्ग स्टीलर्सकडे, एका वर्षासाठी, १२.१ लाख डॉलरला. अनुभवी खेळाडूला याहून कमी देताच येत नाही. कारण साधं: दुसऱ्या क्लबने जे दिलं ते डेन्व्हरच्या ३.९ कोटींतून वजा होणार होतं. स्टीलर्सनी १ कोटी दिले असते तरी विल्सनच्या हातात एकूण तेवढेच पडले असते आणि वाचले असते ब्रॉन्कोजचे. मग कोण देईल? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पिट्सबर्गने क्वार्टरबॅक मिळवला, अकरा सामने खेळवला, बाद फेरीही गाठली. डेन्व्हर तेव्हा त्याला ३.७७९ कोटी देत होतं.

रिकाम्या खिशाने संघ कसा बांधला

जूनपर्यंत सवलत लागू होत नसल्याने मार्चमध्ये ब्रॉन्कोजचे हात बांधलेले होते. पहिल्या पंधरवड्यातच त्यांनी जस्टिन सिमन्सला, आपल्या सर्वांत भरवशाच्या सेफ्टीला (बचावाच्या शेवटच्या रांगेतल्या खेळाडूला), मोकळं केलं आणि १.४५ कोटींची जागा केली. जेरी ज्यूडीला पाचव्या आणि सहाव्या फेरीच्या निवडींवर क्लीव्हलँडला दिलं. पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू इतक्या स्वस्तात जाताना पाहून डेन्व्हरचे पाठीराखे हळहळले. पण विल्सनच्या कराराचं खरं बिल असंच फुटतं, इतरांच्या नावाने.

एप्रिलमध्ये १२व्या क्रमांकावर त्यांनी ऑरेगन विद्यापीठाचा बो निक्स घेतला. बऱ्याच जाणकारांना हा क्रमांक त्याच्यासाठी चढा वाटला. पैशाच्या बाजूने पाहा: चार वर्षांचे मिळून १.८६ कोटी. म्हणजे २०२४ साली विल्सन न खेळता वहीत जेवढा चढला, त्याच्या जवळपास एक तृतीयांशात चार वर्षांचा क्वार्टरबॅक. डेड मनीचं ओझं असताना क्वार्टरबॅकची जागा भरण्याचा दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. सिॲटलने २०१२ साली नशिबाने जे केलं, ते डेन्व्हरने २०२४ साली नाइलाजाने केलं.

निक्सने २९ टचडाउन पास दिले. संघ १०-७ असा गेला आणि २०१५नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोचला. तिथे बफेलोने ३१-७ असं परत पाठवलं, ते सोडा. या यशात निक्सपेक्षाही बचावाचा वाटा मोठा असं मला वाटतं: त्या वर्षी ब्रॉन्कोजनी प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना ६३ वेळा पाडलं, लीगमध्ये सर्वाधिक, आणि पॅट्रिक सर्टन सर्वोत्तम बचावपटू ठरला. हा बचाव विल्सन असतानाच जमत आलेला होता. २०२३मध्ये झॅक ॲलनला आणलं तेव्हा क्वार्टरबॅकचा आकडा वहीत स्वस्त दिसत होता, हेही विसरायला नको. उसनवारीने काहीच दिलं नाही असं नाही.

आणि उसनवारी थांबलीही नाही. २०२४च्या सप्टेंबरात सर्टनला चार वर्षांचे ९.६ कोटी दिले, त्याआधी जुलैत गार्ड (क्वार्टरबॅकला आडोसा देणारा खेळाडू) क्विन मायनर्झला चार वर्षांचे ८ कोटी. कॅपचा पाचवा हिस्सा विल्सनकडे अडकलेला असताना हे जमलं, कारण बोनस पुन्हा पुढच्या वर्षांवर पसरले. युक्ती तीच, माणसं वेगळी. चोवीस-पंचविशीतला सर्टन तीन वर्षं डोळ्यांसमोर खेळलेला होता. विल्सन सही करताना डेन्व्हरच्या जर्सीत मैदानात उतरलाही नव्हता. जोखमीत फरक असेल तर तो इथे आहे.

विल्सनचे शेवटचे ३.२ कोटी २०२५च्या वहीत चढले. निक्सशी नवा करार नियमाप्रमाणे २०२६चा हंगाम संपल्याशिवाय करता येत नाही, आणि त्याचा मूळ करार २०२७पर्यंत आहे. विल्सनचा एकही डॉलर वहीत नाही आणि क्वार्टरबॅक अजून नवोदिताच्या पगारावर आहे, असे हंगाम डेन्व्हरला दोनच मिळतात.